प्लेट सुंदर आहे, पण घास कसा उचलायचा?

फाइन डायनिंगमध्ये, म्हणजे महागड्या, थाटाच्या रेस्टॉरंटमध्ये, दिसणं महत्त्वाचं की खाण्यातली सोय, असं मला विचारलंय, आणि या प्रश्नाचे दोन भाग आहेत असं मी धरते. एक म्हणजे तिथे प्लेटिंगचा, म्हणजे प्लेटवरच्या मांडणीचा, एवढा थाट असतो त्याने जेवणात खरंच काही फरक पडतो का, की ते सगळं फोटोपुरतंच; आणि दुसरं, दिसायला भारी पण खायला त्रासदायक असं काही समोर आलं तर ते कितपत चालवून घ्यायचं. मी बरीच वर्षं किचनमध्ये पासवर, म्हणजे तयार प्लेट वेटरच्या हाती जातात त्या कट्ट्यावर, उभी राहिले आणि नंतर फ्लोअरची, म्हणजे गेस्ट जेवतात तिथली, बाजूही सांभाळली, त्यामुळे दोन्हीकडून सांगते, जरा लांबेल.

फरक पडतो, आणि तो नुसता डोळ्यांना नाही, चवीला पडतो. यावर ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या चार्ल्स स्पेन्स यांनी आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी बरंच काम केलंय. २०१२ मध्ये छापून आलेला एक प्रयोग आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, तेच स्ट्रॉबेरी मूस (हलकं, फेसाळ गोड), एकदा पांढऱ्या प्लेटमध्ये आणि एकदा काळ्या प्लेटमध्ये दिलं तर पांढऱ्या प्लेटमधलं लोकांना जास्त गोड लागलं आणि जास्त आवडलं, मूस मात्र तेच. मग २०१४ मध्ये चित्रकार कँडिन्स्कीच्या एका चित्रासारखी सॅलडची मांडणी करून बघितली, तेच पदार्थ, तेवढेच, एका प्लेटमध्ये नुसते एकत्र करून ठेवलेले, एकात शेजारी शेजारी नीट लावलेले आणि एकात चित्रासारखे. चित्रासारखं सॅलड लोकांना जास्त चविष्ट लागलं आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायची त्यांची तयारीही दिसली. २०१५ मध्ये तर एडिंबर्गमधल्या एका हॉटेलात खरोखरच्या जेवणात काही टेबलांना जड काटेचमचे दिले आणि काहींना हलके, जडवाल्यांना जेवण जास्त आवडलं, प्लेटिंगसुद्धा जास्त कलात्मक वाटलं. म्हणजे "सादरीकरण हे उगाच आहे" असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही, गेस्टच्या मनात पहिला घास तोंडात जायच्या आधीच चव सुरू झालेली असते.

पण या प्रयोगांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती ती लोक विसरतात. ते सॅलड खायला सोपं होतं, मूस चमच्याने सहज उचलता येत होतं. खाताना कुणाचा हात अडला नाही, म्हणूनच दिसण्याचा फायदा चवीला मिळाला. हात अडला की गेस्टचं लक्ष चवीवरून उडतं आणि चमच्यावर, प्लेटवर, आपल्या कपड्यांवर जातं, आणि एकदा गेलं की तो कोर्स, म्हणजे जेवणाची ती फेरी, गेलाच म्हणून समजा. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की प्लेटिंगचं पहिलं काम गेस्टला न बोलता कसं खायचं ते सांगणं आहे, सुरुवात कुठून करायची, चमचा की काटा, एका घासात की तीन, सॉस कशाबरोबर. हे काम करणारी प्लेट सुंदर दिसतेच, उलट मात्र दरवेळी खरं नसतं.

थोडा इतिहास सांगते कारण त्याशिवाय ही भानगड आली कुठून ते कळत नाही. जुन्या फ्रेंच पद्धतीत एका फेरीतले सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडले जायचे, दिसायला प्रचंड वैभव, पण बरंचसं अन्न गार. १९व्या शतकात तिथे रशियन पद्धत रुळली, एकामागून एक कोर्स, प्रत्येक गरम. पॅरिसमध्ये ती आणण्याचं श्रेय १८१० च्या सुमारास तिथे असलेले रशियन राजदूत अलेक्झांडर कुराकिन यांना दिलं जातं. म्हणजे आज आपण ज्याला फाइन डायनिंगची शान समजतो ती कोर्सची रचना मुळात अन्न गरम मिळावं या व्यवहारी गरजेतून आली. क्लोशचंही तेच, ते चकचकीत झाकण किचनपासून टेबलापर्यंतच्या लांब वाटेत उष्णता टिकवायला होतं, चार जणांसमोर एकदम उचलायचं नाट्य नंतरचं.

त्यानंतरही कितीतरी काळ मोठ्या रेस्टॉरंटमध्ये अन्न मोठ्या थाळातून यायचं आणि वेटर गेस्टसमोर कापून, वाढून प्लेट तयार करायचा. हे बदललं ते १९६०-७० च्या दशकांत, फ्रान्समधल्या रोआनमध्ये शेफ त्र्वाग्रो बंधूंचा सॉरेल (एक आंबट पालेभाजी) सॉसमधला सॅल्मन मासा घ्या, मोठी प्लेट, आधी सॉस, त्यावर माशाचा पातळ, क्षणभरच शिजवलेला काप, सगळं किचनमध्येच मांडून बाहेर. १९७३ मध्ये गो आणि मियो या फ्रेंच खाद्यसमीक्षकांनी नूव्हेल क्विझिनचा, म्हणजे नव्या फ्रेंच पाककलेचा, जाहीरनामा काढला आणि शेफने स्वतः प्लेट लावायची हीच रीत सगळीकडे पसरली. यात शेफला प्लेटवर पूर्ण ताबा मिळाला हे सगळे सांगतात. त्याच वेळी झालेली दुसरी गोष्ट फार कमी जण बोलतात, की गेस्टला खाताना काय अडतंय हे रोज जवळून बघणारा जो माणूस होता, वेटर, त्याच्या हातून प्लेट काढून घेतली गेली आणि ती अशा ठिकाणी गेली जिथे कुणी बसून जेवतच नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आम्ही किचनमध्ये उभं राहून प्लेट लावतो, पासवरच्या झगझगीत दिव्याखाली, सरळ वरून बघत. गेस्ट बसलेला असतो, तिरकं बघतो, मंद उजेडात, आणि समोर दोन-तीन ग्लास, ब्रेडची प्लेट, बटर, कुणाचा तरी फोन. वरून बघितलं तर सुंदर वर्तुळ दिसणारी मांडणी बसल्या जागेवरून नुसती एक चपटी रेघ दिसू शकते, आणि मागच्या बाजूला लावलेलं ते नाजूक पान तर गेस्टला दिसतच नाही. उंच कडेच्या बोलमध्ये तर अजून वाईट, आत काय आहे हे बघायला मान पुढे काढावी लागते आणि सुरी आत घालायची तर कोपर वर. म्हणून मी नव्या मुलांना सांगते की प्लेट लावलीस ना, आता खुर्ची घे, टेबलावर ठेव, आणि बसून बघ.

आता तापमान, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ट्वीझरने (छोट्या चिमट्याने) बारा गोष्टी ठेवायच्या म्हणजे हात कितीही चालू असला तरी मिनिट-दोन मिनिटं जातात, मग सहा जणांचं टेबल असेल तर पहिली प्लेट शेवटच्या प्लेटची वाट बघत थांबते, मग फ्लोअरवरचं चालणं, मग वेटरचं बोलणं, मग फोटो. मोठ्या तुकड्याला हे थोडंफार सहन होतं, पण टेस्टिंग मेन्यूमधला (छोट्या छोट्या बऱ्याच कोर्सच्या जेवणातला) ४०-५० ग्रॅमचा माशाचा तुकडा चुटकीसरशी गार होतो, त्याच्या वजनाच्या मानाने उघडी बाजू जास्त असते आणि खाली भलीमोठी प्लेट त्याची उष्णता ओढून घेत असते. बटरचा सॉस कोमट झाला की घट्ट होतो आणि टाळूला चिकटतो, फार तापला तर फुटतो आणि कडेने तेल सुटतं, म्हणजे दोन्हीकडून अडचण. मग लोक म्हणतात प्लेट तापवा, बरोबर आहे, पण प्लेट अति तापली तर सॉसवर साय धरते आणि मासा प्लेटवरच शिजत राहतो, आणि गेस्टच्या बोटाला चटका बसतो तो वेगळा. गार पदार्थाचंही तसंच, पदार्थ गार असला की जिभेला गोडवा कमी जाणवतो म्हणून आइस्क्रीममध्ये साखर चढी ठेवलेली असते, तेच वितळून आलं की मिट्ट गोड लागतं. म्हणजे उशीर झाला तर पदार्थाची रेसिपीच बदलल्यासारखं होतं.

त्यामुळे माझ्या मते कुठलीही प्लेट ठरवताना पहिला प्रश्न असा की ही किती सेकंदांत लागते, आणि लागल्यावर किती मिनिटं जशीच्या तशी राहते. लेसिथिन (फेस धरायला वापरतात ती पावडर) घालून केलेला फेस थोड्याच वेळात बसतो आणि मागे ओला डाग उरतो, माशाच्या कुरकुरीत त्वचेखाली सॉस घातला की त्वचा लगेच मऊ पडायला लागते, ट्वील, म्हणजे पातळ कुरकुरीत चकती, ओल्या प्युरेवर (गुळगुळीत लगद्यावर) टेकवलं की लवचिक होतं. हे टाळायचे उपाय साधे आहेत आणि गंमत म्हणजे तेच दिसायलाही छान असतात. सॉस टेबलावर ओतणे हे बघा, गेस्टला वाटतं नाट्य आहे, आणि आहेच, पण खरं कारण हे की सॉस जगमध्ये गरम राहतो आणि त्वचा शेवटच्या क्षणापर्यंत कोरडी राहते. फोटो, व्हिडिओ काढणाऱ्यालाही त्यातच मजा येते. फोटो काढण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, लोक आठवण ठेवू इच्छितात यात वाईट काय, पण मग आपण ते मिनिट धरूनच पदार्थ बसवायला हवा, गेस्टवर चिडून काय उपयोग.

घासाचं बोलू. बाटलीतून काढलेले सॉसचे ठिपके हा प्रकार मला अजून पटलेला नाही. सात ठिपके प्लेटच्या कडेला, मांस मधे, आणि गेस्टने काय करायचं तर प्रत्येक घास उचलून प्रवासाला न्यायचा. बहुतेक जण तसं करत नाहीत, ते मांस आधी खातात आणि ठिपके तसेच परत येतात. तोच सॉस मांसाखाली किंवा शेजारी एका जागी असता तर प्रत्येक घासाला लागला असता. ब्रशने ओढलेल्या पट्ट्याचंही तसंच, पातळ पट्टा गरम प्लेटवर वाळतो आणि मग तो काट्याने खरवडावा लागतो. उंच मनोरा रचला तर काटा लावल्या क्षणी कोसळतो, म्हणजे शेफने बनवलेली रचना गेस्टला दोन सेकंद मिळाली आणि उरलेली दहा मिनिटं त्याने ढिगाऱ्यातून खाल्लं. मी उंचीच्या विरोधात नाही, पण कोसळल्यावरही जे एकत्र पडेल ते एकत्र चांगलं लागायला हवं, हा विचार आधी केलेला असावा.

याच्या उलट उत्तम उदाहरण म्हणजे शिकागोच्या अलिनिया रेस्टॉरंटमधला शेफ ग्रँट अ‍ॅकेट्स यांचा ट्रफलचा (एका सुगंधी, महागड्या कवकाचा) रॅव्हियोली, म्हणजे सारण भरलेला पास्ता. आत पातळ द्रव आहे, अर्धा चावला तर शर्टवर. म्हणून तो चमच्यावर एकटाच येतो, आणि सांगतात की पूर्ण तोंडात घ्या, ओठ मिटा. चमच्यावर दिलेली गोष्ट माणूस आपोआप एका घासात खातो, म्हणजे निम्मी सूचना भांड्यानेच दिली. त्याच रेस्टॉरंटसाठी डिझायनर मार्टिन कॅस्टनर यांनी बनवलेली भांडी दिसायला कितीही विचित्र वाटली तरी बऱ्याचशा भांड्यांमागे असाच एखादा प्रश्न असतो, की हा पदार्थ माणसाच्या तोंडापर्यंत नेमका कसा जायला हवा. लंडनजवळच्या फॅट डक रेस्टॉरंटमध्ये शेफ हेस्टन ब्लूमेंथल शंखातून समुद्राचा आवाज ऐकवत सीफूड देतात, तिथेसुद्धा कानात इअरफोन आहे पण दोन्ही हात मोकळे आहेत, खाण्याच्या आड काही येत नाही. कोपनहेगनच्या नोमा रेस्टॉरंटमध्ये एके काळी टेबलावरच्या फुलांच्या मांडणीतच खाता येतील अशा काड्या लपवलेल्या असायच्या, ते चालायचं कारण वेटर येऊन सांगायचा. सांगणारा माणूस हा त्या सादरीकरणाचाच भाग होता. तो माणूस नसताना तीच कल्पना उचलली की गेस्ट खरं फूल चावतो.

जेवण वाढायची दगडी पाटी (स्लेट) आणि लाकडी फळी यांच्याबद्दल मी जरा कडक आहे. स्लेटला कड नाही म्हणून सॉस वाहतो, उष्णता टिकत नाही, आणि सुरी घासली की असा आवाज येतो की शेजारचं टेबलही दचकतं. लाकडात सुरीचे चरे पडतात, चऱ्यांत ओल आणि अन्न राहतं, नीट वाळलं नाही की संपलं. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅममधल्या एका रेस्टॉरंटला ५०,००० पौंडांचा दंड झाला होता, त्यात लाकडी फळ्यांवर जेवण देणं आणि तपासनिसांनी सांगूनही ते न थांबवणं हा मोठा मुद्दा होता. २०१५ मध्ये ट्विटरवर "वी वाँट प्लेट्स" नावाची मोहीम सुरू झाली, लोक फावड्यावर, बुटात, कपडे वाळत घालायच्या दोरीवर आलेल्या जेवणाचे फोटो टाकायचे, आणि आमच्या धंद्यातल्या बऱ्याच लोकांना ते लागलं. मला ते योग्यच वाटलं, कारण त्यातल्या बहुतेक भांड्यांना "असं का?" विचारलं तर पदार्थाच्या बाजूने काही उत्तर नव्हतं.

फ्लोअरची बाजू किचनवाले विसरतात म्हणून तीही सांगते. हाताने घडवलेली सिरॅमिकची प्लेट एकेक किलोची असते, वेटरला तीन एकदम उचलायच्या असतात, आणि कडच नसेल तर अंगठा ठेवायचा कुठे, सॉसमध्येच. गोल गरगरीत काहीतरी प्लेटवर मोकळं ठेवलं तर ते दरवाज्यापर्यंत जागेवर राहतं आणि टेबलापर्यंत पलीकडे गेलेलं असतं, त्याच्याखाली प्युरेचा एक थेंब लावला की प्रश्न मिटतो. प्लेटच्या मॅट ग्लेझवर (चमक नसलेल्या लेपावर) काट्याच्या करड्या रेघा उमटतात, त्या घासून काढायला डिशवॉशिंगमधल्या माणसाचा वेळ जातो, आणि नाही काढल्या तर पुढच्या गेस्टला प्लेट मळकी वाटते. खरेदी करायच्या आधी एक नमुना घेऊन त्यावर महिनाभर सुरी-काटा चालवून बघावा, मशीनमधून काढावा, एकावर एक रचून बघाव्यात. जड काटेचमचे आवडतात लोकांना हे वर सांगितलंच, पण ज्याचा दांडा अति जड तो काटा उथळ प्लेटच्या कडेवरून घसरून टेबलक्लॉथवर पडतो, म्हणून प्लेट आणि काटा एकत्र निवडायचे, वेगवेगळ्या कॅटलॉगमधून नाही. आणि वेटरचं निवेदन, कृपा करून छोटं ठेवा. गरम पदार्थ समोर असताना मिनिटभर शेताची, शेतकऱ्याची, आंबवण्याची गोष्ट सांगितली तर गेस्ट सभ्यपणे ऐकतो आणि पदार्थ गार होतो. काय आहे, कसं खायचं, बस्स, बाकी विचारलं तर सांगा.

अजून एक, ज्याबद्दल मला मनापासून वाटतं. आपण प्लेट बनवतो ती एका तरुण, उजव्या हाताच्या, चांगली नजर असलेल्या माणसासाठी. पण फाइन डायनिंगला येणाऱ्यांत वाढदिवस साजरा करायला आलेल्या आजी असतात ज्यांचा हात कापतो, डावखुरे असतात ज्यांना सॉसचा जग उलट्या बाजूने ठेवलेला चालत नाही, चष्मा असूनही मंद उजेडात करडं अन्न काळ्या प्लेटवर न दिसणारे असतात. एवढी किंमत देऊन आलेला माणूस आपल्याला खाता येत नाही म्हणून ओशाळला तर ती सेवा कसली. काळ्या प्लेटवर काळा पदार्थ फोटोत फार सुंदर दिसतो, मला माहीत आहे, तरी मी तो टाळते. तसंच खायचं नाही असं काही प्लेटवर ठेवायचंच नाही, देवदारची फांदी, गारगोट्या, शिंपला वगैरे ठेवायचाच असेल तर तो पदार्थापेक्षा इतका वेगळा दिसला पाहिजे की अंधारातही गोंधळ होऊ नये.

नवा पदार्थ मेन्यूवर घेण्याआधी मी करते ते असं, प्लेट लावून पासवर दोन-तीन मिनिटं तशीच थांबवायची, मग डायनिंग रूमच्या खऱ्या उजेडात, खऱ्या टेबलावर, गेस्टला मिळतील त्याच चमच्या-काट्याने पूर्ण खायची. चाखायची नाही, पूर्ण खायची, कारण पहिला घास सगळ्यांचाच चांगला असतो, अडचण शेवटच्या तिसऱ्या भागात कळते, तिथे सॉस संपलेला असतो, कुरकुरीत गोष्ट मऊ झालेली असते, आणि एखादा घटक एकटाच उरलेला असतो. मग ज्याने तो पदार्थ कधी बघितला नाही अशा कुणाला तरी बसवायचं, अकाउंट्समधला चालेल, नुकताच लागलेला वेटर चालेल, आणि काहीही न सांगता फक्त त्याचा हात बघायचा. हात हवेत थांबला, काटा ठेवून चमचा उचलला, "हे खायचं का?" असं विचारलं, की प्लेटिंग बदलायचं. आणि सर्व्हिस सुरू झाल्यावर परत येणाऱ्या प्लेट बघायच्या. त्याच जागी तोच सॉस रोज परत येत असेल तर गेस्टला तो आवडला नाही असं लगेच समजू नका, बऱ्याचदा तो त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

आता दुसऱ्या भागाचं उत्तर, चालवून किती घ्यायचं. एखाद्या कोर्सला हाताने खायला लावलं, वाकायला लावलं, एक मिनिट गंमत केली आणि चव त्याने वाढली तर खुशाल मजा घ्या, त्यासाठीच तर आपण जातो. पण सुरी पोचत नसेल, सॉस उचलता येत नसेल, पदार्थ गार आला असेल तर तिथल्या तिथे सांगा, बिल देताना नाही. "याला चमचा मिळेल का?" किंवा "हे कसं खायचं तुम्ही सांगाल का?" एवढं पुरतं. चांगल्या ठिकाणी चमचा तर लगेच येतोच, शिवाय तो वेटर आत जाऊन शेफला सांगतो की आज अमुक कोर्सला चार जणांनी चमचा मागितला, आणि पुढच्या आठवड्यात त्या कोर्सबरोबर चमचा आधीच ठेवलेला असतो.